यकृत प्रत्यारोपण सुधारण्यासाठी चाललेले वैद्यकीय संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यकृत प्रत्यारोपण ही आता रुळलेली शस्त्रक्रिया आहे. मग अजून संशोधन कशासाठी?

शस्त्रक्रिया रुळली आहे, हे खरे आहे. अनुभवी केंद्रांत प्रत्यारोपणानंतर एक वर्षाने दहापैकी साधारण नऊ रुग्ण जिवंत असतात, आणि ज्या आजारांत प्रत्यारोपणाशिवाय काही महिन्यांचेच आयुष्य उरलेले असते, त्या आजारांच्या संदर्भात हा आकडा असामान्य आहे. मात्र हा हिशेब ज्यांना यकृत मिळाले त्यांच्यापुरताच असतो. यकृत मिळण्यापूर्वी प्रतीक्षायादीवरच मृत्यू पावलेले, किंवा वाट पाहता पाहता शस्त्रक्रिया झेपणार नाही इतके खालावलेले रुग्ण त्यात मोजले जात नाहीत. शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा वर्षांनी होणारे मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग आणि हृदयविकारही त्या पहिल्या वर्षाच्या आकड्यात दिसत नाहीत.

त्यामुळे आजचे बरेचसे संशोधन टाके कसे घालावेत याविषयी नसून शस्त्रक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाविषयी आहे. आमच्या मते या संशोधनाच्या मुळाशी एकच अडचण आहे, ती म्हणजे अनिश्चितता. समोरचे यकृत चालेल का, हा रुग्ण किती दिवस थांबू शकेल, याला औषधाचा किती डोस पुरेल, या तिन्ही प्रश्नांना डॉक्टरांना दीर्घकाळ अंदाजानेच उत्तरे द्यावी लागली. त्या अंदाजाच्या जागी मोजमाप आणणे, हे पुढे वर्णन केलेल्या बहुतेक प्रयत्नांमागचे समान सूत्र आहे.

ही शस्त्रक्रिया इथवर कशी पोहोचली?

माणसावरील पहिले यकृत प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी 1 मार्च 1963 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे केले. रुग्ण तीन वर्षांचे, जन्मजात पित्तनलिका बंद असलेले मूल होते आणि ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तस्रावाने दगावले. त्यानंतरचे रुग्णही काही आठवड्यांपेक्षा अधिक जगले नाहीत, तेव्हा हे काम काही वर्षे स्वेच्छेने थांबवण्यात आले. 1967 मध्ये ते पुन्हा सुरू झाल्यावर प्रथमच एक रुग्ण वर्षाहून अधिक काळ जगला. पुढच्याच वर्षी रॉय काल्न यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे हे काम सुरू केले.

खरा पालट झाला तो औषधांमुळे. काल्न यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरीन रुग्णांमध्ये वापरले आणि शरीराने नवा अवयव नाकारण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने यकृत प्रत्यारोपण आता प्रायोगिक राहिलेले नाही, असा निर्वाळा दिला. जपानमधील त्सुकुबा परिसरातील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेले टॅक्रोलिमस स्टार्झल यांनी 1989 मध्ये पिट्सबर्ग येथे रुग्णांना दिले, आणि आजही बहुतेक रुग्णांचे मुख्य औषध तेच आहे. याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथार्ड यांनी अवयव जतन करण्याचे नवे द्रावण तयार केले. त्याने यकृत बाहेर ठेवण्याचा अवधी इतका वाढवला की जी शस्त्रक्रिया मध्यरात्री धावपळीत करावी लागे, तिचे थोडेफार नियोजन करणे शक्य झाले. या द्रावणाचे नाव सामान्य वाचकाला क्वचितच माहीत असते, पण त्याने वाचवलेल्या जिवांची संख्या एखाद्या गाजलेल्या औषधापेक्षा कमी नसावी.

दान मिळालेले प्रत्येक यकृत वापरले का जात नाही?

यकृताचा दर्जा शस्त्रक्रियेपूर्वी खात्रीने सांगता येत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. शल्यचिकित्सक दात्याचे वय, रक्ततपासण्या, यकृताचा रंग, हाताला लागणारा त्याचा मऊ किंवा निबर स्पर्श आणि गरज पडल्यास सूक्ष्मदर्शकाखालील तुकडा यांवरून निर्णय घेतात. रोपण केलेले यकृत सुरूच झाले नाही, तर रुग्णाला काही दिवसांत दुसरे यकृत मिळावे लागते, अन्यथा मृत्यू अटळ असतो. एवढी जोखीम समोर असताना शंका आलेले यकृत नाकारणे हा समंजस निर्णय ठरतो. मात्र नाकारलेल्या यकृतांपैकी काही नक्कीच चालली असती, आणि ती कोणती होती हे नंतर कधीच कळत नाही.

वयस्क दात्यांची, चरबी साचलेली आणि हृदयक्रिया थांबल्यानंतर काढलेली यकृते या शंकास्पद गटात प्रामुख्याने येतात. मेंदूमृत दात्याचे हृदय शेवटपर्यंत धडधडत असते, त्यामुळे यकृताला रक्त मिळत राहते. हृदयक्रिया थांबल्यानंतर दान झाले, तर मात्र यकृत शरीराच्या तापमानात काही काळ प्राणवायूविना राहते आणि त्याची झळ सर्वाधिक बसते ती पित्तनलिकांना. यकृताच्या पेशींना प्रवेशिका शीर (आतड्यांकडून रक्त आणणारी) आणि यकृत धमनी अशा दोन मार्गांनी रक्त मिळते, पित्तनलिका मात्र केवळ धमनीवर अवलंबून असतात. अशा यकृताचे रोपण यशस्वी झाल्यावरही काही महिन्यांनी पित्तनलिका जागोजागी आकसतात, वारंवार संसर्ग होतो आणि कधीकधी दुसरे प्रत्यारोपण करावे लागते.

बर्फात ठेवलेल्या यकृतात नेमके काय बिघडते?

सुमारे 4 अंश सेल्सियसला पेशींची चयापचय क्रिया अतिशय मंदावते, पण थांबत नाही. साठवलेली ऊर्जा हळूहळू संपते आणि प्राणवायूच्या अभावी पेशींतील ऊर्जाकेंद्रांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमध्ये, सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो. तोवर फारसे काही दिसत नाही. घात होतो तो रोपणानंतर रक्त पुन्हा वाहू लागते त्या क्षणी, कारण प्राणवायू मिळताच साचलेले सक्सिनेट वेगाने जळते आणि त्यातून पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. त्यापाठोपाठ दाह सुरू होतो. ज्या रक्ताने यकृत वाचायचे, त्याच रक्ताच्या पहिल्या लोंढ्याने ते जखमी होते. ही पुनर्रक्तप्रवाहाची इजा निरोगी यकृत बहुधा पचवते, दुबळे यकृत पचवू शकत नाही. म्हणूनच शीतपेटीत जास्तीत जास्त बारा तासांच्या आत, आणि शक्यतो त्याहून बरेच आधी, रोपण पूर्ण करण्याचा प्रयत्न असतो.

शीतपेटीचा दुसरा दोष कमी बोलला जातो, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे. थंड, निश्चल यकृत स्वतःविषयी काहीच सांगत नाही. त्याची परीक्षा थेट रुग्णाच्या पोटातच होते.

परफ्यूजन यंत्र काय करते, आणि उबदार व थंड पद्धतींत फरक काय?

परफ्यूजन यंत्र यकृताच्या रक्तवाहिन्यांना नळ्या जोडून त्यातून द्रव सतत फिरवते. उबदार पद्धतीत हा द्रव शरीराच्या तापमानाचा असतो आणि त्यात तांबड्या रक्तपेशी, प्राणवायू, पोषकद्रव्ये व रक्त गोठू न देणारे औषध असते. यकृत यंत्रावर अक्षरशः काम करू लागते, पित्त तयार करते, साखर वापरते आणि द्रवात साचलेले लॅक्टेट हे टाकाऊ द्रव्य साफ करते. काही तासांत लॅक्टेट उतरले, पित्ताची आम्लता योग्य दिशेने बदलली आणि रक्तप्रवाह स्थिर राहिला, तर यकृत जिवंत व कार्यक्षम असल्याचा पुरावा शस्त्रक्रियेआधीच हाती येतो. मात्र यंत्र मध्येच बंद पडले तर उबदार यकृताचे थंड यकृतापेक्षा वेगाने नुकसान होते, त्यामुळे प्रशिक्षित माणूस आणि सतत देखरेख लागते. खर्चही अर्थातच वाढतो.

थंड पद्धतीत सुमारे 10 अंश तापमानाचा, प्राणवायूने भरलेला पण रक्तपेशी नसलेला द्रव रोपणापूर्वी एक-दोन तास फिरवला जातो. येथे यकृत काम करत नाही, पण मायटोकॉन्ड्रियांना मंद गतीत प्राणवायू मिळाल्याने साचलेले सक्सिनेट सावकाश वापरले जाते आणि ऊर्जेचा साठा पुन्हा भरतो. पुढे रक्त सुरू झाल्यावर होणारा भडका त्यामुळे सौम्य होतो. ही पद्धत तुलनेने सोपी आहे आणि यंत्र थांबले तरी यकृत शीतपेटीतल्यासारखेच राहते. मायटोकॉन्ड्रिया बिघडल्यावर द्रवात उतरणारे फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइड मोजून त्यांची अवस्था ओळखता येते, असेही दिसून आले आहे. तरीही पित्त तयार होताना पाहण्याइतकी थेट परीक्षा त्यात होत नाही.

कोणती पद्धत श्रेष्ठ, यावर तज्ज्ञांमध्ये गट पडल्यासारखे वाटते. आम्हाला हा वाद काहीसा चुकीच्या जागी चाललेला वाटतो. थंड पद्धत मुख्यतः इजा कमी करते आणि उबदार पद्धत मुख्यतः माहिती देते. पित्तनलिकांची काळजी असेल तेथे थंड आणि यकृत घ्यावे की नाही हाच प्रश्न असेल तेथे उबदार, अशी विभागणी अधिक सयुक्तिक आहे. काही केंद्रे एकाच यकृतावर आधी थंड आणि मग उबदार परफ्यूजन करतात, त्यामागेही हाच विचार आहे.

या यंत्रांमुळे रुग्णांना खरोखर फायदा झाल्याचे सिद्ध झाले आहे का?

काही बाबतींत झाले आहे, काही बाबतींत नाही.

उबदार पद्धतीची पहिली मोठी चिठ्ठी-वाटप चाचणी (कोणाला कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकून ठरवणारी) ऑक्सफर्ड येथील गटाच्या पुढाकाराने युरोपातील अनेक केंद्रांत झाली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. 220 प्रत्यारोपणांच्या या चाचणीत यंत्रावर ठेवलेल्या यकृतांत पेशींच्या इजेचे रक्तातील प्रमाण शीतपेटीतील यकृतांच्या निम्मे आढळले, आणि टाकून दिल्या गेलेल्या यकृतांचे प्रमाणही निम्म्यावर आले. यकृते सरासरीने अधिक वेळ बाहेर ठेवूनही हे साधले. मात्र वर्षअखेरीस रुग्णांच्या किंवा रोपित यकृतांच्या टिकण्यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी ठरले असा होत नाही, कारण अधिक यकृते वापरूनही निकाल खालावले नाहीत आणि वाया न गेलेले प्रत्येक यकृत कोणाला तरी मिळाले. फक्त, यंत्रावरचे यकृत घेतलेला रुग्ण अधिक जगतो, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. बातम्यांत ते अनेकदा तसेच म्हटले गेले.

थंड पद्धतीची नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील गटाने नेतृत्व केलेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हृदयक्रिया थांबल्यानंतर दान झालेली यकृते मिळालेले 156 रुग्ण होते, आणि सहा महिन्यांत लक्षणे निर्माण करणारे पित्तनलिकांचे आकसणे नेहमीच्या गटात 18 टक्के, तर यंत्राच्या गटात 6 टक्के रुग्णांत आढळले. ज्याने पित्तनलिकांच्या त्रासापायी वारंवार रुग्णालयाच्या फेऱ्या मारल्या आहेत, त्याला या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

बर्मिंगहॅम येथील 2020 मधील अभ्यास या दोन्हींपेक्षा लहान, पण बोलका आहे. सर्व केंद्रांनी नाकारलेली 31 यकृते तेथे उबदार यंत्रावर तपासण्यात आली. ठरवलेल्या कसोट्यांवर 22 उतरली, त्यांचे रोपण झाले आणि तीन महिन्यांनी सर्व 22 रुग्ण जिवंत होते. पुढे मात्र त्यांपैकी चौघांना पित्तनलिकांच्या त्रासामुळे पुन्हा प्रत्यारोपण करावे लागले. यकृताच्या पेशींची परीक्षा आपण शिकलो, पित्तनलिकांची अजून पुरती शिकलेलो नाही, असा त्याचा अर्थ आहे.

यकृत शरीराबाहेर किती दिवस ठेवता येईल? ते गोठवता येईल का?

झुरिक येथील पथकाने 2020 मध्ये माणसाचे यकृत यंत्रावर आठवडाभर जिवंत ठेवल्याचे दाखवले. 2021 मध्ये त्यांनी इतर केंद्रांनी नाकारलेले एक यकृत तीन दिवस यंत्रावर ठेवून, त्या काळात त्यावर प्रतिजैविकांसह उपचार करून, एका कर्करोगाच्या रुग्णात रोपण केले आणि तो रुग्ण वर्षभरानंतरही ठणठणीत होता. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही. तरीही यकृताला बाहेर ठेवून त्याच्यावर उपचार करणे, ही कल्पना त्यामुळे प्रत्यक्षात उतरली.

गोठवण्यातली अडचण बर्फाच्या स्फटिकांची आहे, कारण ते पेशी फाडतात. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातील संशोधकांनी बर्फ होऊ न देता यकृत उणे तापमानात ठेवण्याची पद्धत आधी उंदरांच्या आणि 2019 मध्ये माणसाच्या यकृतांवर वापरली. उणे 4 अंशाला माणसाचे यकृत 27 तास टिकले, पण ती यकृते रुग्णांत रोपली गेली नाहीत. मिनेसोटात 2023 मध्ये काचेसारख्या अवस्थेत गोठवलेली उंदरांची मूत्रपिंडे शंभर दिवसांपर्यंत साठवून, चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म कणांच्या साहाय्याने सर्वत्र एकसारखी गरम करून यशस्वीपणे रोपण्यात आली. माणसाचे यकृत उंदराच्या मूत्रपिंडापेक्षा हजारपटीहून अधिक जड असते, आणि एवढ्या मोठ्या अवयवाला भेगा न पडू देता एकसारखे थंड व गरम करणे हीच तर खरी कसोटी आहे.

चरबी साचलेल्या यकृतांचे काय?

जगभर स्थूलता आणि मधुमेह वाढत असल्याने हा प्रश्न दरवर्षी मोठा होत आहे. पेशींत मोठ्या थेंबांच्या रूपात साचलेली चरबी 30 टक्क्यांच्या पुढे गेली की रोपणानंतर यकृत न चालण्याचा धोका वाढतो. उबदार यंत्रावर असतानाच औषधांच्या मिश्रणाने ही चरबी जाळण्याचे प्रयोग उत्साहवर्धक आहेत, पण नित्याच्या उपचारात ते आलेले नाहीत.

प्रतीक्षायादीतील क्रम कसा ठरतो आणि त्यात संशोधन काय करणार?

अनेक देशांत सर्वाधिक आजारी रुग्णाला प्रथम यकृत देण्याचे तत्त्व आहे, आणि आजाराची तीव्रता मेल्ड नावाच्या गुणांकनाने मोजली जाते. हे सूत्र मुळात प्रतीक्षायादीसाठी बनलेच नव्हते. यकृतातील रक्तदाब कमी करण्यासाठी नळी बसवलेल्या रुग्णांचे आयुर्मान वर्तवण्यासाठी ते मेयो क्लिनिकमध्ये तयार झाले आणि 2002 पासून अमेरिकेत अवयववाटपासाठी वापरात आले. बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा निर्देशांक आणि क्रिएटिनिन या तीन साध्या तपासण्यांवर ते आधारलेले होते. पुढे त्यात सोडियमची भर पडली.

त्यातील एक अन्याय बरीच वर्षे नजरेआड राहिला. मूत्रपिंडे बिघडली की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्त्रियांमध्ये स्नायू सरासरीने कमी असल्याने त्यांची मूत्रपिंडे तितकीच बिघडलेली असूनही क्रिएटिनिन कमी दिसते, म्हणून गुण कमी मिळतात आणि यादीतला क्रम खाली जातो. प्रतीक्षेत मृत्यू पावण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये त्यामुळे अधिक राहिले. 2023 मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या सुधारित सूत्रात स्त्रियांना वाढीव गुण दिले जातात, आणि यकृतात बनणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचाही विचार होतो. सूत्र वस्तुनिष्ठ दिसले म्हणजे ते न्याय्य असतेच असे नाही, हे येथे आकडेवारीच्या काटेकोर तपासणीमुळेच उघडकीस आले. संगणकीय शिकण्याच्या पद्धतींनी अधिक अचूक गुणांकन करण्याचे प्रयत्न सुरू आहेत, पण ज्या सूत्राने कोणाला यकृत मिळते ते रुग्णाला समजावून सांगता आले पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

जिवंत दात्याला कितपत धोका असतो आणि तो कमी करण्यासाठी काय चालले आहे?

यकृत पुन्हा वाढते, म्हणून जिवंत माणूस त्याचा भाग देऊ शकतो. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आईच्या यकृताचा भाग मुलाला देण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी झाली. लहान मुलाला डाव्या बाजूचा छोटा भाग पुरतो. प्रौढ रुग्णाला मात्र बहुधा उजवा भाग, म्हणजे दात्याच्या यकृताचा साठ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा लागतो, आणि धोका तेथेच वाढतो. उजवा भाग देणाऱ्या दर हजार दात्यांमागे साधारण दोन ते पाच मृत्यू होतात, असा अंदाज आहे. हा आकडा लहान वाटेल, पण येथे शस्त्रक्रिया होते ती कोणताही आजार नसलेल्या माणसावर. त्यामुळे दात्याला हा आकडा पुसटपणे नव्हे, स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे.

संशोधनाचा एक रोख अधिक लहान भागावर भागवण्याकडे आहे. रोपलेला भाग रुग्णाच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्क्यांहून कमी असला, तर प्रवेशिका शिरेतून येणारा रक्ताचा लोंढा त्या छोट्या यकृताला सोसवत नाही, कावीळ आणि पोटात पाणी होणे सुरू होते. हा प्रवाह शस्त्रक्रियेत किंवा औषधांनी आटोक्यात ठेवला, तर डावा भागही पुरू शकतो असे दिसत आहे. दुसरा रोख दुर्बिणीद्वारे किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने भाग काढण्याकडे आहे. त्याने जखम लहान होते आणि दाता लवकर कामावर परततो, मात्र ते कौशल्य आज मोजक्याच केंद्रांपाशी आहे.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावीच लागतात का?

आज बहुतेकांना घ्यावी लागतात. पण याच प्रश्नात यकृत इतर अवयवांपेक्षा वेगळे आहे. काल्न यांच्या गटाने 1969 मध्येच दाखवले होते की डुकरांमध्ये रोपलेले परके यकृत कित्येकदा औषधांविनाही टिकते. माणसांतही काही रुग्णांनी औषधे स्वतःहून सोडली आणि तरीही त्यांचे यकृत सुरळीत चालले, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले.

युरोपात 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काटेकोरपणे निवडलेल्या 98 प्रौढ रुग्णांची औषधे हळूहळू बंद केली, तेव्हा 41 जण औषधांविना राहू शकले आणि उरलेल्यांना ती पुन्हा सुरू करावी लागली. प्रत्यारोपणाला जितकी अधिक वर्षे झाली, तितकी यशाची शक्यता अधिक होती. मुलांमधील अनुभव मात्र सावध करणारा आहे. 2012 मधील 20 मुलांच्या अभ्यासात 12 जण यशस्वी ठरले आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. त्याच दिशेने पुढे 88 मुलांवर झालेल्या अभ्यासात हे प्रमाण 37.5 टक्क्यांवर आले. पहिला अभ्यास खोटा नव्हता, लहान होता.

कोणाची औषधे सुरक्षितपणे थांबवता येतील हे आधी ओळखणारी विश्वासार्ह तपासणी नाही, ही खरी अडचण आहे. रक्ततपासण्या उत्तम असूनही यकृताच्या तुकड्यात छुपा दाह आढळू शकतो. जपानमध्ये होक्काइडो येथे रुग्णाच्या प्रतिकारशक्तीतील नियंत्रक पेशी प्रयोगशाळेत तयार करून परत देण्याचा प्रयोग झाला आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहापैकी सात रुग्णांची औषधे बंद करता आली. दात्याच्या यकृतातून रुग्णाच्या रक्तात उतरणारे डीएनएचे तुकडे मोजून यकृताची इजा लवकर ओळखण्यावरही काम चालू आहे.

तोवर व्यावहारिक प्रगती डोस कमी करण्यात आहे. टॅक्रोलिमस मूत्रपिंडांना इजा करते, म्हणून त्याचे प्रमाण घटवून जोडीला एव्हरोलिमस हे दुसरे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देण्याचा पर्याय तपासला गेला आणि त्यात मूत्रपिंडांचे कार्य अधिक चांगले राहिल्याचे दिसले. येथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. हे सर्व प्रयोग वारंवार होणाऱ्या रक्ततपासणीखाली झाले आहेत, आणि प्रकृती उत्तम वाटते म्हणून मनाने गोळ्या सोडणे हे प्रयोग नव्हे, यकृत गमावण्याचा नेहमीचा मार्ग आहे.

कर्करोग असताना प्रत्यारोपण करता येते का?

यकृताच्या स्वतःच्या कर्करोगात करता येते, पण मर्यादेत. 1996 मध्ये मिलान येथील मॅझाफेरो यांच्या गटाने दाखवले की एकच गाठ 5 सेंटिमीटरपर्यंत किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंत असतील आणि रोग रक्तवाहिन्यांत वा यकृताबाहेर पसरलेला नसेल, तर चार वर्षांनी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण जिवंत राहतात. केवळ 48 रुग्णांच्या त्या अभ्यासाने जगभरचे नियम घडवले. आता गाठीच्या आकारासोबत तिची वागणूक, म्हणजे रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन (या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन) आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद, पाहण्याकडे कल आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून यकृतात पसरलेल्या गाठींसाठी प्रत्यारोपण पूर्वी वर्ज्य मानले जाई. नॉर्वेत ऑस्लो येथे त्यावर पुन्हा काम सुरू झाले आणि 2024 मध्ये फ्रान्समधून नेतृत्व झालेल्या, 94 रुग्णांच्या चिठ्ठी-वाटप चाचणीत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण प्रत्यारोपण व रसायनोपचार यांच्या गटात सुमारे 57 टक्के, तर केवळ रसायनोपचारांच्या गटात सुमारे 13 टक्के आढळले. हे रुग्ण अतिशय कठोरपणे निवडलेले होते, म्हणून हा निकाल अशा प्रत्येक रुग्णाला लागू होत नाही.

मद्यपानामुळे यकृत निकामी झालेल्यांना सहा महिने थांबायला का लावत असत?

मद्य सोडल्यावर काहींचे यकृत सुधारते आणि पुन्हा व्यसनाकडे वळण्याची शक्यताही पारखता येते, अशी दोन कारणे दिली जात. पण तीव्र मद्यजन्य यकृतदाहात औषधांना प्रतिसाद न देणारे बहुतेक रुग्ण सहा महिने जगतच नाहीत. 2011 मधील फ्रान्स व बेल्जियममधील अभ्यासात अशा निवडक 26 रुग्णांचे लवकर प्रत्यारोपण केले असता सहा महिन्यांनी 77 टक्के जिवंत होते, प्रत्यारोपण न झालेल्या तुलनेच्या गटात 23 टक्के. पुढे 26 पैकी तिघे पुन्हा मद्याकडे वळले. सहा महिन्यांचा आकडा शास्त्रापेक्षा प्रथेवर अधिक उभा होता, असे आमचे मत आहे.

हिपॅटायटिस सी असलेल्या दात्याचे यकृत घेणे सुरक्षित आहे का?

विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आल्यापासून हा आजार 95 टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. म्हणून अनेक केंद्रे रुग्णाच्या संमतीने असे यकृत रोपून नंतर विषाणूवर उपचार करतात.

डुकराचे यकृत माणसाला बसवता येईल का?

1992 मध्ये पिट्सबर्ग येथे बबून माकडाचे यकृत मिळालेला रुग्ण 70 दिवस जगला. आता लक्ष जनुके बदललेल्या डुकरांकडे आहे. चीनमधील शिआन येथे मार्च 2024 मध्ये सहा जनुकीय बदल केलेले यकृत एका मेंदूमृत व्यक्तीत दहा दिवस चालले आणि त्याने पित्तही तयार केले. त्याच वर्षी चीनमध्येच एका जिवंत रुग्णाला त्याच्या स्वतःच्या यकृतासोबत डुकराच्या यकृताचा भाग पूरक म्हणून बसवला गेला. रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्याने तो 38 व्या दिवशी काढावा लागला आणि रुग्ण एकूण 171 दिवस जगला.

हृदय केवळ रक्त ढकलते, यकृत मात्र शेकडो प्रथिने बनवते, आणि डुकराची गोठण-प्रथिने माणसाच्या रक्ताशी नीट जुळत नाहीत. त्यामुळे कायमस्वरूपी पर्यायापेक्षा, माणसाचे यकृत मिळेपर्यंत किंवा स्वतःचे यकृत सावरेपर्यंतचा तात्पुरता आधार म्हणून त्याचा उपयोग आधी होईल, असे वाटते.

प्रयोगशाळेत यकृत कधी तयार होईल?

संपूर्ण यकृत नजीकच्या काळात नाही. पण दुरुस्ती शक्य दिसते. केंब्रिजमधील संशोधकांनी 2021 मध्ये पित्ताशयातील पेशींपासून वाढवलेले सूक्ष्म पेशीसमूह यंत्रावरील मानवी यकृताच्या पित्तनलिकांत सोडले, तेव्हा त्यांनी तेथे मूळ धरून नलिका दुरुस्त केल्या. ती यकृते रोपली गेली नव्हती. तरीही बर्मिंगहॅमच्या अभ्यासात जो कच्चा दुवा दिसला, नेमका त्यावरच हा उपाय आहे, म्हणून आम्हाला तो अधिक आशादायक वाटतो. दात्याच्या यकृतपेशी रुग्णाच्या लसिकाग्रंथींत सोडून तेथे लहान पूरक यकृत वाढवण्याची मानवी चाचणीही 2024 मध्ये सुरू झाली.

आम्हाला चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले तर काय पाहावे?

मुख्य मोजमाप कोणते आहे, ते प्रथम विचारावे. रक्तातील एन्झाइम उतरले आणि रुग्ण अधिक जगला, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नेहमीच्या उपचाराच्या गटात आपण गेलो तर काय मिळेल, अधिकच्या तपासण्या आणि यकृताचे तुकडे किती वेळा घेतले जातील, काही बिघडल्यास खर्च आणि जबाबदारी कोणाची, हे संमतिपत्रात लिहिलेले असले पाहिजे. प्रतीक्षायादीवरील रुग्णाने आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, तो म्हणजे सहभागामुळे यकृत मिळण्याचा क्रम मागेपुढे होतो का.

अवयव जतनाच्या चाचण्यांत एक वेगळाच पेच आहे. यकृत कोणाला जाणार हे अनेकदा काही तास आधीच कळते, तेव्हा रुग्ण शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर, भेदरलेल्या अवस्थेत असतो. म्हणून यादीत नाव घालतानाच, शांत वेळी, संमतीची चर्चा करणे योग्य ठरते. दात्याच्या शरीरात असतानाच अवयवावर प्रयोग करायचा असेल, तर त्याच दात्याचे मूत्रपिंड किंवा हृदय मिळणाऱ्या इतर रुग्णांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि त्यांची संमती कोणी घ्यायची यावर नैतिकता समित्या आजही विचार करत आहेत.

नकार दिला तर उपचारांवर परिणाम होतो का?

नाही. यादीतील स्थान, शस्त्रक्रिया आणि पुढची देखभाल यांत कोणताही फरक पडता कामा नये, आणि एकदा दिलेली संमती कारण न सांगता केव्हाही मागे घेता येते. यकृत रोपून झाल्यावर यंत्राचा वापर अर्थातच मागे घेता येत नाही. पुढील तपासण्या आणि माहितीचा वापर मात्र थांबवता येतो.